पंधरावी सॅक

दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती. म्हणजे होती कधीकाळी, पण दादाने तिच्यापुढे सामानाचं उंच रॅक उभं केलं आणि खिडकीचा विषय संपला. उजेडासाठी ट्यूबलाइट, हवेसाठी दार, आणि दारात बहुतेक वेळा दादाच उभा. त्या खोलीत सुई बावीस वर्षं शिलाई मशीनवर बसत होती.

सुई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी काडीसारखी बारीक होती म्हणून दादाने ठेवलेलं. पुढे हातात सुईच आली. आता त्रेचाळिसाव्या वर्षी ती चांगली दाभणाएवढी झाली होती, तरी नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही.

दुकान उंच डोंगरांवर जाणाऱ्यांचं. सामान भाड्याने न्या, आणून द्या, फाटलं तर सुई आहेच. पुढे दादा गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, मागे सुई प्रत्येकाची सॅक भरून द्यायची. भरताना काय काय ऐकावं लागे!

एक थंडी-न-वाजणारा हमखास असायचा. "मला ना, थंडी वाजतच नाही हो. मी बाराही महिने फॅन पाचवर ठेवतो!" हा लोकरीचे मोजे नको म्हणायचा, आणि परत यायचा तेव्हा नाक सोललेलं, आवाज बसलेला. मग एक लागलं-तर बाई. "असू दे हो, एखादवेळेस लागलं तर?" असं म्हणत सॅकमध्ये केस वाळवायचं यंत्र कोंबायची. आणि प्रत्येक गटात एक सर्वज्ञ. "मी व्हिडिओ बघितलाय, ताई. तुम्ही नका सांगू."

ताई तरीही सांगायची. "जीन्स काढा ती. ओली झाली की वाळत नाही, आणि तुम्ही मात्र वाळता." "एक जाड कपडा म्हणजे एकच दार, उघडा नाहीतर बंद. चार पातळ कपडे म्हणजे चार दारं. हवं तेवढं उघडा." "स्लीपिंग बॅग तळाला. जड वस्तू पाठीला चिकटून, नाहीतर सॅक मागे ओढते, जशा काही सासूबाई. पावसाळी अंगरखा सगळ्यात वर, पाऊस काही विचारून येत नाही."

लोक माना डोलवायचे. "ताई, तुम्ही कितीदा जाऊन आलात वर?"

ताई सुईत दोरा ओवायला लागायची.

ती कधी गेलीच नव्हती. डोंगर तिला ठाऊक होता तो परत आलेल्या कपड्यांवरून. गुडघ्यावरची लाल माती म्हणजे उतारावर घसरले. बाहीला डिंक म्हणजे खाली झाडी आहे. हातमोज्याच्या अंगठ्यावर वाळलेला शेंबूड म्हणजे वर पोहोचले. एकदा एका जॅकेटच्या खिशात तिला पांढरा, गुळगुळीत दगड सापडला. मालकाने नेलाच नाही. तिने तो मशीनच्या खणात ठेवला, बटणांच्या डबीत.

जायला काय झालं होतं? तर, तिला गाडी लागायची.

नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीत तिने बसमध्ये उलटी केली. एकदाच. दादाच्या नव्या बुटांवर. तेव्हापासून घरात तो कायदाच झाला. सहल? "तिला गाडी लागते." मामाच्या गावचं लग्न? "तिला नका नेऊ, गाडी लागते." परगावचं स्थळ आलं तेव्हाही दादाने पाहुण्यांना हसत सांगितलं, "एवढ्या लांब? अहो, तिला गाडी लागते!" पाहुणेही हसले आणि उठले. गेल्या चौतीस वर्षांत ती गाडीत नीट बसलीच नव्हती, तर लागते की नाही हे कळणार कसं?

दादा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो स्वतः चहा आणून तिच्या मशीनपाशी ठेवायचा, तिला कमी साखर लागते हे त्याच्या लक्षात असायचं. फक्त तिला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. "सुये, पंखा लावू का?" असं वहिनीने विचारलं तरी दादा म्हणायचा, "नको, तिला वारा सोसत नाही."

तर या सोमवारी शिट्टीबाई आल्या. बाई गट घेऊन वर जायच्या. गळ्यात कायम शिट्टी, आणि बोलणं असं की शाळेचं मैदान आठवावं. त्या थेट मागच्या खोलीत शिरल्या.

"गेल्या साली सगळ्यात वरच्या मुक्कामावर एका पोराच्या स्लीपिंग बॅगेची चेन गेली. रात्रभर बसून काढली त्याने. पायाची दोन बोटं काळी पडली. तर या खेपेला मला वर चेन दुरुस्त करणारं माणूस हवंय. येतेस?"

दारातून दादा हसला. "बाई, तिला गाडी..."

"मी तिला विचारलं." बाईंनी मानही वळवली नाही. "शुक्रवारी चार वाजता चौदा सॅक न्यायला येते. तेव्हा तुझ्या तोंडून सांग. नाहीतर दुसरा एक जण आहे, त्याला त्याच मिनिटाला फोन करेन. शनिवारी पहाटे निघायचं."

सुई म्हणाली, "सांगते." एवढाच एक शब्द, पण तो दादाच्या आधी बोलून झाला होता.

चार दिवसांत तिने चौदा सॅक भरल्या, आणि रॅकमागे, जिथे पूर्वी खिडकी होती तिथे, पंधरावी. दुकानातून बाद झालेल्या सामानाची. शेकोटीने भोक पडलेलं पिसांचं जॅकेट, त्यावर तिने चौकोनी ठिगळ मारलं. डावा हातमोजा करडा, उजवा निळा, जोडीदार दोघांचेही डोंगरात राहिलेले. लोकरीचे मोजे तीन जोड, एक फक्त झोपण्यासाठी. कानटोपी, डोक्याला बांधायची बॅटरी, चेनचे रनर, पक्कड, मेण लावलेला दोरा. आणि उजव्या बाहेरच्या खिशात, चटकन हाताला लागतील अशा, प्लास्टिकच्या सहा पिशव्या. लागलीच गाडी, तर लागली.

राहिली होती फक्त स्लीपिंग बॅग. बाद झालेल्यांत एक होती, चेन उसवलेली. ती तिने शुक्रवारी सकाळी शिवायला घेतली. दुहेरी टाका, बारीक, मजबूत. दुपारी दादा शटर अर्धं ओढून जेवायला गेला आणि ती बॅग तपासायला बसली.

तपासायची रीत तिनेच पाडलेली. बाहेरून उघडणारी चेन आतून उघडेलच असं नाही, म्हणून दुकानाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक बॅगेत ती स्वतः शिरायची, हनुवटीपर्यंत चेन ओढायची आणि आतून उघडायची. हजारदा केलेलं काम. तिने रॅकमागे बॅग पसरली, आत शिरली, बॅगेलाच असलेल्या टोपीची दोरी तोंडाभोवती आवळली, चेन ओढली. सर्रकन हनुवटीशी आली.

उघडायला गेली. हलेना.

आतली कापडाची पट्टी रनरच्या दातांत गेली होती. यावर उपाय तिला तोंडपाठ होता: एकाने कापड ताणून धरायचं, दुसऱ्याने रनर हलकेच मागे घ्यायचा. म्हणजे दोन माणसं. ती एक, तीही गुंडाळी झालेली. दोन्ही हात छातीशी मुडपलेले. जोर केला तर पट्टी आणखी आत गेली. घाम फुटला. बर्फात झोपायची बॅग ती, भर दुपारी खोलीत माणसाला उकडून काढायला तिला किती वेळ लागणार?

'दादा आला की हाक मारू,' असं तिने ठरवलं. मग डोळ्यांसमोर चित्र आलं. दादा रॅकमागे वाकून बघतोय. पंधरावी सॅक बघतोय. बॅगेत अळीसारखी पडलेली ती. "अगं वेडे, तुला बॅगेतून बाहेर येता येईना आणि तू डोंगरावर निघालीस?" आणि पुढची चौतीस वर्षं पाहुण्यांना ऐकवायला नवी गोष्ट.

शटर वर गेलं. दोन जणांची पावलं.

"या बाई, या. चार वाजायला पाच मिनिटं आहेत, अगदी वेळेवर! सगळं तयार आहे."

"ती कुठे?"

"असेल मागे. नाहीतर घरी गेली असेल पडायला. पण बाई, तिचं काही जमायचं नाही. नाही म्हणाली ती."

रॅकमागे सुईचे डोळे मोठे झाले.

"तिने तुम्हाला सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? माझीच बहीण ती. तिला गाडी लागते, उंचीवर धाप लागेल, एकटीची सवय नाही. आणि ती गेली तर इथे..." दादा थांबला. मग आवाज एकदम लहान झाला. "इथे कसं होणार?"

"हं," शिट्टीबाई म्हणाल्या. "तिच्या तोंडून ऐकायचं होतं. पण ती समोर नाही, म्हणजे तेच उत्तर समजते. चला, सॅक मोजून द्या, मग त्या माणसाला फोन करते."

"बाई!" सुई ओरडली. पण तोंडावर पिसांची टोपी आवळलेली. बाहेर पोहोचलं ते 'म्याँ'सारखं काहीतरी.

"मांजर शिरलं वाटतं," दादा म्हणाला. "एक!" आणि धप्पकन सॅक ठेवल्याचा आवाज आला.

सुईच्या गळ्यात दोरीला बांधलेली टाके उसवायची छोटी पात असायची. बाईंची शिट्टी, हिची पात. ती आत्ता तिच्या छातीवर, बोटांपासून चार इंचांवर होती. तिने खांदा मुडपला, कोपर बरगडीत घुसवलं.

"दोन! तीन!"

पात हातात आली. चेनच्या कडेचा टाका चाचपून तिने उसवला. एक टाका. दुसरा. सकाळीच तर घातले होते, दुहेरी, बारीक, मजबूत. मेला एकसुद्धा सैल नव्हता. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, जरा गबाळं शिवलं असतं तर काय बिघडलं असतं!

"सहा! सात! या सॅकला कॅमेऱ्याची पिशवी वेगळी आहे, बघून घ्या."

बोटभर उसवलं. हाताएवढं हवं होतं. घाम डोळ्यांत.

"दहा! अकरा!"

बॅग कापायची नाही. हे तिचंच वाक्य. एका गिऱ्हाइकाने घाईत बॅग कापली होती, तर तिने त्याला भर दुकानात झाडला होता. "पिसं एकेक करून गोळा केलेली असतात, कळतं का? कापायला सगळ्यांना येतं!"

"बारा!"

तिने पात वळवली, कापडात खुपसली आणि हनुवटीपासून पोटापर्यंत ओढली.

पिसं उसळली. नाकात, केसांत, ट्यूबलाइटपर्यंत. "तेरा," असं म्हणत दादा चौदाव्या सॅकला हात घालतोय तोच रॅकमागून एक पांढरी आकृती उठली, दोन शिंका दिल्या आणि पायांत बॅग तशीच अडकलेली घेऊन उड्या मारत समोर आली.

शिट्टीबाईंच्या हातात फोन तसाच राहिला.

"सुये!" दादा किंचाळला. "हे काय!"

"पंधरावी," सुई म्हणाली. तोंडातलं पीस थुंकून टाकलं. "पंधरावी सॅक मोजायची राहिली. रॅकमागे आहे. बाई, मी येतेय."

"अगं, पण तुला गाडी..."

"लागेल कदाचित. सहा पिशव्या घेतल्यात. उजव्या खिशात."

शिट्टीबाईंनी फोन खाली केला. फाटक्या बॅगेकडे बघत विचारलं, "ही कोणाची?"

"माझी. चेन आतून अडकली. बरं झालं इथेच कळलं." सुईने पाय बाहेर काढले. "तासाभरात शिवते."

"पिसं?"

"गोळा करीन."

"पहाटे पाच. पंधरा मिनिटं आधी ये," असं सांगून बाई सॅक उचलायला माणसं बोलवायला बाहेर गेल्या. जाता जाता तोंड दाबून हसल्या, ते दोघांनाही ऐकू आलं.

दादा उभाच होता. त्याच्या मिशीवर एक पीस बसलं होतं, आणि ते त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. तो म्हणाला, "मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

दादा वळला. केरसुणी आणली, मग लक्षात आलं की केरसुणीने पिसं उडतात, म्हणून गुडघ्यांवर बसून हाताने वेचायला लागला. सुईने बॅग मशीनवर घेतली. रनर अजून पट्टीत अडकलेलाच होता.

"इकडे ये. हे कापड ताणून धर. घट्ट. ओढू नकोस, नुसतं धर."

त्याने धरलं. तिने रनर हलकेच मागे घेतला. सुटला.

एवढ्यात शटरखालून एक थंडी-न-वाजणारा वाकून आत आला. हातात जॅकेट. "ताई आहेत का? चेन गेलीय हो. सोमवारपर्यंत होईल का?"

दादाने सवयीने तोंड उघडलं. मिटलं. आणि मान वळवून सुईकडे बघितलं.

"नाही," सुई म्हणाली. "सोमवारी मी नाहीये."