मनीषनगरातला जपानी मेपल

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो तेव्हा मॉर्निंग वॉकच्या मंडळींनी माझ्या उरलेल्या आयुष्याची सोय लावून ठेवली होती. योगासनं करा, ज्येष्ठ नागरिकांच्या संघात या. योगासनांत माझा गुडघा आडवा येतो आणि संघात माझा स्वभाव. म्हणून मी बोन्साय करायचं ठरवलं. तेही वडा-पिंपळाचं नाही. वड इथे कुणाच्याही गच्चीच्या भेगेतून न विचारता उगवतो, त्यात माझी कर्तबगारी ती काय? मला जपानी मेपल हवा होता. थंड हवेतलं हे झाड नागपुरात जगवून दाखवीन, असं मी ते घरी येण्याआधीच सगळ्या वॉकिंग ट्रॅकला सांगून टाकलं होतं.

डिसेंबरात डोंगराकडच्या एका रोपवाटिकेतून ते खोक्यात बंद होऊन आलं. वीतभर उंच, अंगावर एक पान नाही.

“काडी मागवली का तुम्ही?” बायकोनं विचारलं.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. जपानी कलेला सुरुवातीला घरातून विरोध व्हायचाच.

झाड उथळ कुंडीत बसवलं. खोडाला तार गुंडाळली आणि रोज थोडा थोडा वाक देत गेलो. आयुष्यात माझ्या सांगण्यावरून कुणीच वाकलं नव्हतं. हाताखालचे लोक नाहीत आणि मुलगी तर नाहीच नाही. हे झाड मात्र मुकाट वाकलं, आणि मला ते फार आवडायला लागलं. फेब्रुवारीत त्याला पानं फुटली. तान्ह्या मुलाच्या पंज्याएवढी, पाच बोटांची, कोवळी पोपटी. मी गॅलरीत खुर्ची टाकून तासन् तास त्याच्याकडे बघत बसायचो. कुणी भेटायला आलं की चहाच्या आधी त्याला संयमावर व्याख्यान मिळायचं. संयम मला कधी जमला नव्हता, पण विषय पाठ झाला होता.

एप्रिल लागला आणि पानांच्या कडा करपायला लागल्या. घाबरण्याचं कारण नव्हतं, आमच्याकडे कूलर होता. दरवर्षीप्रमाणे त्याला नवा वाळा भरला, पंप साफ केला, आणि मग दरवर्षीसारखं हॉलकडे तोंड करायचं सोडून तो गॅलरीकडे वळवला.

“मी इथं भाजून राहिली,” बायको म्हणाली, “अन् तुम्ही झाडाले हवा घालून राहिले!”

तेवढ्यावर माझी बुद्धी थांबली नाही. उन्हाळ्यात आमच्या नळाला दुपारी थेट चहापत्ती टाकावी असं पाणी येतं. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र गारेगार. झाडाला गार पाणी हवं, म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या टाकीत तांब्या बुडवायचो आणि कुंडीत ओतायचो. आपल्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की हा उपाय मी ट्रॅकवर दोघातिघांना फुकट सांगितला.

मे महिन्यात सगळी पानं लालसर झाली.

दुसऱ्या मजल्यावर एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. ते गॅलरीत येऊन अवाक् झाले. “वा भाऊ! लाल झालं ना! जपानमंदी असंच होते म्हणे.”

मेपल थंडी पडताना लाल होतो हे मला माहीत होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. तरी मी म्हणालो, “हो, आता सुरू झालंय.”

झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं. येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी मेपल बघायला यायचं ठरलं, आणि पन्ह्याची जबाबदारी अर्थातच बायकोवर आली.

गुरुवारी सोसायटीचा माळी काही कामाने वर आला होता. त्याने कुंडीशी बसून माती चाचपली. मातीवर पांढरी खपली धरली होती.

“साहेब, पाणी कायचं देऊन राहिले याले?”

“कूलरचं,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच त्या पांढऱ्या खपलीकडे पुन्हा पाहिलं.

वीज केंद्रात माझं कामच पाण्याचं होतं. तिथल्या थंड करायच्या मनोऱ्यांत पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र मागेच राहतात आणि उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. ते वेळेवर काढून टाकायला हवं, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. घरी आमच्या बोअरच्या जड पाण्याचा कूलरमध्ये महिनाभर काढा करून तोच मी झाडाला पाजत होतो.

माळ्याने नखाने खोड जरासं खरवडलं. आत हिरवी रेघ दिसली. त्याने मला वाकून बघायला लावलं.

“जित्तं हाय अजून. आजच कुंडीतून काढा, मुळं साफ पाण्यानं धुवा, सारी पानं तोडून टाका. अन् चिखलदऱ्याले कोणी जात असन तर त्याच्यासंगं पाठवून द्या.”

“सोमवारी करू,” मी म्हणालो.

“सोमवारी काहून? आज काहून नाही?”

“रविवारी लोक येणार आहेत.”

तो उठला. चप्पल घालून निघून गेला.

रविवारचा कार्यक्रम उत्तम झाला. वीस-बावीस माणसं आली, पन्हं पुरलं नाही. सगळ्यांनी झाडाशेजारी उभं राहून फोटो काढले. एका वहिनींनी तर पान हातात घेतलं, ते चुरा होऊन खाली पडलं, आणि त्या म्हणाल्या, “किती नाजूक असते नाही!” मी पानगळीचं जपानी सौंदर्य या विषयावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, टाळ्या पडत होत्या तेवढा वेळ मला छान वाटत होतं.

सोमवारी सकाळी मी स्वतः माळ्याला बोलावून आणलं. बादलीत फिल्टरचं पाणी भरून ठेवलं होतं. चिखलदऱ्याला जाणारा एक ओळखीचाही शोधला होता. माळ्याने नख लावलं. तपकिरी. थोडं खाली लावलं, मग अगदी बुंध्याशी. तिथेही तपकिरी.

“त्या रोपवाटिकेतून दुसरं येते का पाहा की,” बायको दारातून हलकेच म्हणाली. मला धीर द्यायला म्हणाली असावी, पण मला तिच्याकडे बघवलं नाही.

माळी हात झटकत उठला. “गुरुवारी जित्तं होतं हे, साहेब.”

मला माहीत होतं. मी वाकून पाहिलं होतं.