भांडणाचा तास

बाईंचा शुक्रवारचा शेवटचा तास म्हणजे भांडणाचा. फळ्यापुढे दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, दोघांनी खोटंखोटं कडाकडा भांडायचं, आणि ऐन रंगात बाई टाळी वाजवायच्या, "बदला खुर्ची!" मग ज्याच्याशी तंटा, त्याचीच बाजू मांडायची. समोरचा "हो, माझं हेच म्हणणं" म्हणेपर्यंत सुटका नाही. एरवी मात्र बाई नाकावर माशी बसू देत नसत. "त्यातली एक खुर्ची घरी आण," असं नवरा म्हणायचा, तेही जरा लांबूनच.

यंदा मुख्याध्यापकांनी हा तास गणिताला द्यायचं ठरवलं. बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. इतकी वर्षं जीव ओतलेला तास! तास बंद करण्याआधी एकदा पाहू म्हणून मुख्याध्यापक सर वर्गात आले, तर मुलांनी भांडण निवडलं होतं तेच: हा तास कुणाचा?

"बसा, सर," वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी खुर्ची दाखवत म्हणाली.

"अगं, मी नुसता बघायला आलोय."

"बघणारे बाकावर बसतात, सर. तुमचं तर भांडण आहे."

सर बसले, समोर बाई बसल्या आणि दोघांची अशी जुंपली की शेजारचा वर्ग दारात गोळा झाला. मग त्या आगाऊ मुलीनेच टाळी वाजवली. खुर्च्या बदलल्या.

टोमणा बाईंच्या ओठांवर आला होता, पण नियम त्यांचाच. "अर्धा वर्ग गणितात नापास आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पालक येऊन मलाच फैलावर घेतात. बोलू कुणाशी?"

सरांनी मान डोलावली. "हो. माझं हेच म्हणणं."

मग त्यांनी घसा खाकरला. "पूर्वी या वर्गात मारामारीत काचा फुटायच्या. हल्ली काचवाला शाळेकडे फिरकत नाही. हे माझ्या तासामुळे. आणि कुणी कौतुकाचा एक शब्द बोललं नाही."

बाईंना भरून आलं. "हो," एवढंच त्या म्हणाल्या. मग सरांच्या खुर्चीतून पुढे झुकून म्हणाल्या, "घ्या, तास गणिताला घ्या."

"मुळीच नाही!" सरांनी बाईंच्या खुर्चीतून टेबलावर हात आपटला. "तास माझा आहे!"

पोरं हसून हसून बेजार झाली.

तास राहिला. गणित शाळा भरण्याआधी सर स्वतः घेऊ लागले आणि पेंगणाऱ्या पोरांना वेळेवर हजर करायचं काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं. आयुष्यात कुणाशी भांडून त्या इतक्या खूश झाल्या नव्हत्या.