माझ्या गॅपमधले पेशंट

मंडळी, आज दुपारी रेसिडेंट डॉक्टरच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू झाला. झूमवर, इथे सिडनीत, गिरावीनच्या घरी, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून.

मी पुण्यात डॉक्टर होते. इथली डॉक्टरकीची परीक्षा कोविडमुळे पुढे ढकलली जात राहिली आणि कामात दोन वर्षांचा गॅप पडला.

आठवडाभर नवरा रोज तयारी करून घेत होता. "गॅपबद्दल विचारलं तर परीक्षेचंच सांग. पुण्याचा विषय काढू नकोस, रडशील."

पुण्याचा विषय म्हणजे दुसरी लाट. तिथे बाबांच्या सोसायटीत कोणालाच बेड मिळेना. ऑस्ट्रेलियाची बॉर्डर बंद, म्हणून मी इथून व्हिडिओ कॉलवर एकेकाचा ऑक्सिजन बघायचे, कोणाला पालथं झोपवायचं ते सांगायचे. शेजारचे जोशीकाका वाचले. माझे बाबा गेले.

पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे दोन वर्षांत एकही पेशंट नाही?"

"नाही," मी सरावाप्रमाणे हसून म्हणाले.

"नो वरीज," म्हणत त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

नवरा खूश. "अजिबात रडली नाहीस."

आत्ता जोशीकाकांचा मेसेज आलाय, "डॉक्टर, कसा झाला इंटरव्ह्यू?"

काय कळवू त्यांना? की आज मी तुम्हाला पेशंटमध्ये धरलं नाही, आणि बाबांनाही नाही?