पुसता न येणारी नोंद

आमच्या दवाखान्यात शहाद्याहून येणारा संगणकवाला चपला बाहेर काढूनच सर्व्हरला हात लावतो. गेल्या वर्षी जागा कमी पडली म्हणून मी जुना बॅकअप पुसला. त्याच आठवड्यात व्हायरस आला आणि रुग्णांच्या नोंदी गेल्या. दोष मी व्हायरसवर ढकलला.

परवा त्याने त्यानंतरचा सगळा बॅकअप नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवला. एक फाइल दाखवून म्हणाला, "पुसी पहा, दादा. काबरं घाबरस?"

मी पुसायचं बटण दाबलं. फाइल तशीच राहिली.

"आते मीबी पुसू शकस नही."

मग त्याने जुन्या सर्व्हरवरची, मी बॅकअप पुसल्याची नोंद दाखवली. "हाईबी नव्या सर्व्हरवरच ठेवेल शे." आवाजात टोमणा नव्हता. चपला घालून, डॉक्टरांना काहीच न सांगता तो शहाद्याची बस पकडायला गेला. सांगणं त्याने माझ्यावर सोडलं होतं.