अर्धी प्रदक्षिणा

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकांवरून आहे. ती ओहोटीतच करता येते. आईचा नवस फेडायला मी आगबोटीने आलो, तेव्हा भरती सुरू झाली होती. तरी निघालो. निम्म्या वाटेवर एक कोळीण कालवे फोडत बसली होती. कोयतीने पुढची वाट दाखवत ती म्हणाली, "पानी चढतंय, दादा. मागं फिरा."

"नवस अर्धा राहील."

ती आधी हसली, मग बोलली. "शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते न्हाय? वळा. त्याला चालतंय!"

टोपली डोक्यावर घेऊन ती देवळाकडे निघाली, मी मागोमाग. वर पोचून पाहिले, तर तिचा खडक पाण्याखाली गेला होता.

"आईला सांगा, पुरी झाली," ती म्हणाली.

मी तसेच सांगितले.