मागची बाजू बघणारे शेजारी

पस्तिशीत मला वाटायचं, चित्रातलं आपल्याला सगळं कळतं. निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात मी मैत्रिणींना एका चित्रातलं ‘तळ्यात उतरलेलं आभाळ’ दहा मिनिटं समजावलं. त्या बिचाऱ्या माना डोलावत होत्या.

बरोबर आमचे शेजारी होते, यंत्रमागावर चादरी विणणारे. कुठलंही कापड ते आधी उलटून मागची वीण बघत; आहेराचा टॉवेलसुद्धा, देणाऱ्याच्या देखत. सवयीनं त्यांनी चित्राची कड उचलून मागं डोकावलं.

“वैनी, मागं ‘वरची बाजू’ लिवलंय. बाण खाली हाय.”

मैत्रिणी भिंतीला टेकून हसल्या. माझी सगळी ऐट गेली. रिक्षात मी तोंड फिरवून बसले. तेव्हा शेजारी समजूत घालत म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. उलट्या चित्रावर एवढं बोललात. सुलटं असतं तर आज घरी पोचलो नसतो की!”