बटणं शून्यावर

लेकीच्या लॅपटॉपवर आवाज घडवायचं एक सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर बटणांच्या पेट्या मांडायच्या आणि रंगीत वायरींनी एकमेकींना जोडायच्या. त्या वायरींना खऱ्यासारखा झोळ पडतो. चित्रातल्या वायरीला कसलं आलंय वजन! पण कुणीतरी हौसेनं तो झोळ आणलाय.

"फुकट आहे, बाबा," सई म्हणाली. "आणि आतून कसं केलंय, तेही कुणालाही उघडून बघता येतं."

मी चाळीस वर्षं लग्नाच्या मांडवांत साउंड लावला. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळण्याआधी मिक्सरची सगळी बटणं शून्यावर आणायचो. माझा आवाज कसा लागतो, ते दुसऱ्या साउंडवाल्याला कळता कामा नये. याला मी हुशारी समजायचो.

सई चहा टाकायला उठली, तसा मी बटणं फिरवत बसलो. फिरवता फिरवता एकदम भरदार, घुमणारा सूर लागला. अंगावर काटा आला.

"बाबा, कसला भारी! कसा लावलास?" ती कप घेऊन धावत आली.

तिच्या पावलांच्या आवाजासरशी माझ्या हातानं सगळी बटणं शून्यावर आणली होती. सूर कसा लागला होता, ते आता मलाही सांगता येईना.